द्रवातून हायड्रोजन: कोल्हापुरात हमखास विचारले जाणारे प्रश्न

हायड्रोजनवर बोलायला कुठे बोलावलं की मी फळ्यावर चार रेणू काढतो, लोक माना डोलावतात आणि खरे प्रश्न चहाच्या कपाबरोबर सुरू होतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले भट्टीच्या उष्णतेचं विचारतात, कागल-शिरोळकडचे ऊसवाले इथेनॉलचं, पोरं विज्ञान प्रदर्शनाचं. आणि एखादी मावशी मागच्या रांगेतून विचारतेच, "हे फुटणार तर नाही ना?" तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. मी रसायनशास्त्र शिकवतो. कुठल्या कंपनीचा एजंट नाही, त्यामुळे जिथे गोष्ट कच्ची आहे तिथे कच्ची म्हणणार.

द्रवातून हायड्रोजन म्हणजे पाण्यातून वीज सोडून काढतात तोच ना?

नाही. हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. पाण्यातून हायड्रोजन काढायला एका किलोमागे साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. ती झाली निर्मिती. इथे आपण बोलतोय वाहतुकीबद्दल. एका ठिकाणी तयार झालेला हायड्रोजन एखाद्या द्रवाच्या रेणूत रासायनिक पद्धतीने बसवायचा, तो द्रव टँकरने हवा तिथे न्यायचा आणि तिथे धातूच्या उत्प्रेरकावरून (अभिक्रिया घडवून आणणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ) नेऊन हायड्रोजन परत मोकळा करायचा. अशा द्रवाला वाहक म्हणतात.

गावच्या दूध संस्थेचा कॅन आठवा. दूध कॅनमध्ये तयार होत नाही, कॅन फक्त नेतो. भरलेला जातो, रिकामा परत येतो. काही वाहक अगदी असेच परत येतात, काही येत नाहीत. सगळं गणित या फरकावर फिरतं, त्यामुळे हा कॅन पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

मग सरळ सिलिंडरमध्ये भरून का नेत नाहीत?

नेतात की. पण हायड्रोजन हा सगळ्यांत हलका वायू. साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन ११,००० लिटर जागा अडवतो. वेल्डिंगच्या दुकानात दिसतो तसा उंच लोखंडी सिलिंडर १५० बार (साध्या हवेच्या साधारण दीडशे पट) दाबाने भरला तरी त्यात जेमतेम अर्धा-पाऊण किलो हायड्रोजन मावतो, आणि सिलिंडरचं स्वतःचं वजन पन्नास-साठ किलो. म्हणजे आपण पैसे मोजून लोखंड फिरवतो. लांब नळ्यांचा मोठा ट्रेलर २०० बारला भरला तरी साडेतीनशे किलोच्या आसपास नेतो. द्रवरूप करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो, आणि त्यात हायड्रोजनमधल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा खर्ची पडतो.

याउलट चांगला वाहक द्रव साध्या टाकीत, साध्या तापमानाला राहतो. २४ टनांच्या टँकरमध्ये अशा द्रवातून सुमारे दीड टन हायड्रोजन जातो. पेट्रोलपंपासारखीच पाइप, पंप, टाकी. म्हणूनच या विषयात इतक्यांना रस आहे.

असे द्रव तरी कोणते?

मुख्य पाचांची ओळख करून देतो.

मिथाइलसायक्लोहेक्झेन हा जरा जिभेला व्यायाम देणारा द्रव. हायड्रोजन काढून घेतला की त्याचं टोल्युइन होतं, म्हणजे रंगाच्या थिनरमध्ये ज्याचा वास येतो तेच. वजनाच्या ६.२ टक्के हायड्रोजन नेतो. जपानने २०२० मध्ये ब्रुनेईहून जहाजाने हा द्रव कावासाकीला आणून हायड्रोजन काढला आणि टोल्युइन परत धाडलं. कॅन गेला, कॅन आला. (तो हायड्रोजन मुळात नैसर्गिक वायूपासूनचा होता, म्हणजे दूध हरित, म्हणजे फारसा कार्बन न सोडता बनवलेलं, नव्हतं. पण कॅन चालतो हे सिद्ध झालं.)

डायबेन्झिलटोल्युइन हे एरवी कारखान्यात उष्णता वाहून नेणारं तेल म्हणून वापरतात. तेही ६.२ टक्के नेतं, सहजी पेट घेत नाही, म्हणून जर्मनीत त्यावर बरंच काम चाललंय.

फॉर्मिक अॅसिड फक्त ४.४ टक्के नेतं, पण कमी तापमानाला सोडून देतं. याबद्दल पुढे सविस्तर.

मिथेनॉलमध्ये १२.५ टक्के हायड्रोजन असतो, शिवाय पाण्याबरोबर अभिक्रिया केली की पाण्यातलाही थोडा मिळतो. पण जोडीला कार्बन डायऑक्साइड निघतो.

अमोनिया तर १७.६ टक्के. साध्या तापमानाला आठ-दहा बार दाबाखाली द्रव होतो. वास कसा असतो ते बर्फाच्या कारखान्याजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको.

डांबरगोळ्यांचाही एक वाहक आहे, बरं का. नॅफ्थॅलीनवर हायड्रोजन चढवला की डेकॅलिन नावाचा द्रव होतो, ७.३ टक्के नेतो. अडचण एवढीच की रिकामा कॅन घन होतो. पाइपात डांबरगोळ्या अडकल्या तर काय करायचं?

धातूचं काम नेमकं काय? तो जळतो का, संपतो का?

जळत नाही आणि हिशेबात संपतही नाही. सोपं उदाहरण तुमच्या स्वयंपाकघरात होतं: डालडा. पातळ वनस्पती तेलात निकेलची बारीक पूड टाकून गरम करतात आणि हायड्रोजन सोडतात. निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू फुटून दोन अणू होतात, ते तेलाच्या रेणूला चिकटतात, तेल घट्ट होतं. शेवटी निकेल गाळून काढतात. पॉल साबात्ये या फ्रेंच रसायनज्ञाला १९१२ चं नोबेल मिळालं ते धातूंच्या या करामतीसाठी.

आता हाच चित्रपट उलटा फिरवा. भरलेला द्रव प्लॅटिनमच्या कणांवर येतो, कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातला बंध धातूवर सैल होतो, हायड्रोजनचे अणू धातूवर उतरतात, दोन-दोन जोडीने भेटतात आणि वायू होऊन निघून जातात. रिकामा रेणू बाजूला होतो, पुढचा येतो.

प्लॅटिनमची पट्टी वगैरे नसते. अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) सच्छिद्र गोळ्यांवर काही नॅनोमीटरचे कण शिंपडलेले असतात, वजनाने बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आतबाहेर. अभिक्रिया फक्त पृष्ठभागावर होते. ढेकळाच्या पोटात दडलेला धातू फुकट जातो, म्हणून जितका बारीक तितका बरा.

प्लॅटिनम, पॅलेडियम, रुथेनियम, इरिडियम... सगळे महागच का? आमच्या कोल्हापूरला लोखंडाची काय कमी?

हा प्रश्न उद्यमनगरातल्या एका कारखानदारांनी विचारला होता आणि मला तो फार आवडला.

खासबागेत कुस्ती बघितलेल्याला उत्तर लगेच कळेल. पकड ढिली असेल तर डाव लागत नाही. पकड इतकी घट्ट बसली की सुटतच नाही, तर कुस्ती पुढे सरकत नाही. धातूने हायड्रोजनला धरायचं आणि वेळेवर सोडायचं असतं. हे तत्त्व साबात्ये यांच्याच नावाने ओळखलं जातं. सोनं हायड्रोजनला जवळजवळ धरतच नाही. टंगस्टनसारखे धातू धरून बसतात. प्लॅटिनम आणि पॅलेडियम मधोमध येतात. निकेल जवळपास आहे, स्वस्तही आहे, पण त्याला एक खोड आहे: ते कार्बन-कार्बन बंधही तोडत सुटतं. मग हायड्रोजनऐवजी मिथेन निघतो आणि महागडा वाहक रेणू कायमचा मोडतो. कॅनमधलं दूध काढताना कॅनच फोडल्यासारखं.

लोखंड मात्र अगदीच बाद नाही. २०११ मध्ये जर्मनीतल्या रोस्टॉकच्या माथियास बेलर यांच्या गटाने स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गाबोर लॉरेन्झी यांच्यासह लोखंडाचा एक उत्प्रेरक जगापुढे आणला. त्याने ८० अंशांना फॉर्मिक अॅसिडमधून हायड्रोजन सोडवला, आणि लोखंडाच्या एकेका अणूने ९२,००० हून अधिक वेळा काम केलं. पण हे शिरोलीच्या ओतकामातलं लोखंड नव्हे. लोखंडाचा एकटा अणू फॉस्फरसच्या चार हातांनी धरून ठेवलेला, द्रवात विरघळलेला. ते फॉस्फरसवाले रेणू हवा लागली की बिघडतात आणि लोखंडापेक्षा तेच महाग पडतात. तरी दिशा बरोबर आहे. इरिडियम जगभरात वर्षाला सात-आठ टनांच्या आसपास निघतं. त्याच्या भरवशावर संसार कसा उभा करायचा?

फॉर्मिक अॅसिड म्हणजे मुंगीचं विष ना?

तेच. सतराव्या शतकात जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने मुंग्या उकळून त्यांचा अर्क काढला होता, आणि 'फॉर्मिक' हे नावही मुंगीच्या लॅटिन नावावरून आलं. आपल्या भागात हे नाव अनोळखी नाही. कातडी कमावताना आणि कापड रंगवताना ते वापरतात, त्यामुळे चपलेच्या धंद्यातल्या किंवा इचलकरंजीच्या प्रोसेसवाल्यांनी त्याचे निळे कॅन पाहिलेले असतात.

मला सगळ्या वाहकांत हेच जास्त आवडतं, म्हणून जरा लांबण लावतो.

या अॅसिडचा रेणू दोन वाटांनी मोडू शकतो. एका वाटेने हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. दुसऱ्या वाटेने पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड. पहिली वाट हवी, दुसरी घातक. उत्प्रेरकाची खरी परीक्षा वेगात नाही, वाट न चुकण्यात आहे. पॅलेडियम आणि पॅलेडियम-चांदीचे कण, रुथेनियम आणि इरिडियमची विरघळणारी संयुगं ही कामगिरी चांगली करतात. तीव्र सल्फ्युरिक अॅसिड टाकलं तर मात्र गाडी नेमकी दुसऱ्या वाटेला लागते. प्रयोगशाळेत कार्बन मोनॉक्साइड बनवायची ती जुनी रीतच आहे. म्हणून प्रयोगशाळेबाहेर कुणीही "बघूया काय होतं" म्हणून हात घालू नये.

दुसरी गंमत म्हणजे ही अभिक्रिया ८० ते ९० अंशांना चालते, चहाच्या आधणापेक्षाही खाली. बंद भांड्यात ती स्वतःच प्रचंड दाब तयार करते, त्यामुळे वेगळा कॉम्प्रेसर न लावता दाबाखालचा हायड्रोजन मिळू शकतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये यावर बसला वीज पुरवणारा ट्रेलर जोडून दाखवला होता.

उणी बाजू: निघणाऱ्या वायूत आकारमानाने अर्धा हायड्रोजन, अर्धा कार्बन डायऑक्साइड. एक किलो हायड्रोजनमागे जवळपास २२ किलो कार्बन डायऑक्साइड. तो धरून ठेवला नाही तर कॅन परत आलाच नाही.

एक लिटरला किती पडतं? घरच्या जनरेटरशी तुलना करून सांगा.

एक लिटर शुद्ध फॉर्मिक अॅसिड म्हणजे सव्वा किलोला थोडं कमी. त्यातून ५३ ग्रॅम हायड्रोजन. एका किलो हायड्रोजनमध्ये ३३.३ युनिट ऊर्जा असते, म्हणजे ५३ ग्रॅममध्ये पावणेदोन युनिट. फ्युएल सेल (हायड्रोजनपासून न जाळता थेट वीज बनवणारं यंत्र) त्यातली अर्धी विजेत बदलतो असं धरलं तर हाती पाऊण ते एक युनिट लागतं. छोटा डिझेल जनरेटर एका लिटरमध्ये साधारण तीन युनिट देतो.

एक किलो हायड्रोजनला फॉर्मिक अॅसिड लागतं पावणेतेवीस किलो. बाजारात ८५ टक्क्यांचं मिळतं, मग सत्तावीस किलो धरा. तुमच्या केमिकलवाल्याच्या बिलावरचा किलोचा दर घ्या आणि २७ ने गुणा. एवढं केलं की "उद्यापासून सुरू करूया" म्हणणारे सहसा गप्प होतात. मिथाइलसायक्लोहेक्झेन एक किलो हायड्रोजनला २१ लिटर लागतं, पण ते खर्ची पडत नाही, परत भरता येतं.

उष्णता किती लागते, आणि ती आणायची कुठून?

बातम्यांत हा प्रश्न गाळलेला असतो.

डालडा करताना हायड्रोजन चढतो तेव्हा उष्णता बाहेर पडते. मग उतरवताना तेवढीच आत घालावी लागणार, निसर्ग उधारी ठेवत नाही. डायबेन्झिलटोल्युइनमधून एक किलो हायड्रोजन सोडवायला सुमारे ९ युनिट उष्णता लागते, तीही ३०० अंशांच्या आसपास. हायड्रोजनच्या ऊर्जेचा चौथा हिस्सा इथेच गेला. मिथाइलसायक्लोहेक्झेनचंही तसंच, ३५० अंशांपर्यंत. अमोनियाला उष्णता कमी लागते, पण तापमान जास्त: निकेलवर ८०० अंशांच्या पुढे, रुथेनियमवर ४५० ते ५०० वर भागतं. फॉर्मिक अॅसिडला दोन्ही कमी.

आता फाउंड्रीवाले म्हणतात, "आमच्या धुराड्यातून एवढी उष्णता वाया जाते, ती घ्या की." तापमान पुरेसं असतं, हे खरं. पण फाउंड्रीत 'हीट' म्हणजे भट्टीचा एक घाणा. हीट निघाली की पुढची लागेपर्यंत मध्ये खंड. उत्प्रेरकाच्या नळीला सारखी तापायला आणि निवायला आवडत नाही. कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, नळ्या तडकतात. शिवाय कुपोलाच्या, म्हणजे कोकवर चालणाऱ्या भट्टीच्या, धुरात गंधक आणि धूळ. मधे उष्णता साठवणारी तेलाची टाकी घातली तर जमेल, पण तो वेगळा खर्च.

साखर कारखान्याकडे वाफ भरपूर. पण टर्बाइनमधून सुटलेली, रस उकळायला वापरतात ती वाफ सव्वाशे-एकशे तीस अंशांची. ३०० अंशांच्या कामाला ती निरुपयोगी आणि फॉर्मिक अॅसिडच्या कामाला अगदी छान. शिवाय गाळप हंगाम संपला की बॉयलर थंड. पावसाळ्यात काय करायचं?

एक जोडी मात्र जमते. साधा फ्युएल सेल स्वतः ६० ते ८० अंशांची उष्णता फेकतो. तीच फॉर्मिक अॅसिडकडे वळवली की बाहेरून फारसं काही आणायला नको. ३०० अंशांच्या वाहकांना हे भाग्य नाही.

आमच्या कारखान्याचं इथेनॉल आहेच की. त्यातून हायड्रोजन नाही का काढता येत?

येतो. इथेनॉल आणि पाण्याची वाफ कोबाल्ट, निकेल किंवा ऱ्होडियमच्या उत्प्रेरकावरून ५०० ते ७०० अंशांना सोडतात. कागदावर एक लिटर इथेनॉलमधून दोनशे ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन मिळतो, कारण पाण्यातलाही भर घालतो. आकडा ऐकून ऊसवाल्यांचे डोळे चमकतात.

पण गुऱ्हाळात काहिलीच्या बुडाला रस धरला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. इथेनॉल उत्प्रेरकावर तसंच बुडाला लागतं. कार्बनचा काळा थर चढतो आणि धातू झाकला जातो. वाफ जास्त घाला, सिरियमचा आधार वापरा, असे उपाय आहेत, पूर्ण इलाज नाही. आणि हिशेब पाहिला तर इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळूनच जास्त सरळ कामाला येतं. चांगला गूळ वितळवून पुन्हा साखर करायला बसण्यासारखं आहे हे.

आसवनीत खरी लक्ष देण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. किण्वनात जितकं इथेनॉल, वजनाने जवळपास तितकाच कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बऱ्यापैकी शुद्ध. लिटरमागे पाऊण किलो. सौर विजेवरचा हायड्रोजन त्याच्याशी जोडून मिथेनॉल किंवा फॉर्मिक अॅसिड बनवता येतं. ऊस कार्बन हवेतून घेतो, आसवनी तो एकत्र करून देते. वाहक म्हणून फॉर्मिक अॅसिडला कोल्हापुरात जागा असेलच तर ती मला इथे दिसते.

हे सगळं प्रयोगशाळेतलंच ना? कारखान्यात कुठे पाहायला मिळेल?

अमोनियाचा प्रकार तर कित्येक वर्षं चालू आहे आणि आपल्याकडच्या अनेक हीट ट्रीटमेंटवाल्यांना तो माहीत आहे. ब्राइट अॅनिलिंग (धातू चकाकी न घालवता मऊ करणं) किंवा सिंटरिंगच्या (धातूची भुकटी तापवून घट्ट करणं) भट्टीला ऑक्सिजन नसलेला वायू लागतो. त्यासाठी अमोनिया क्रॅकर असतो: अमोनियाचा सिलिंडर, निकेलच्या उत्प्रेरकाची तापलेली नळी, आणि बाहेर तीन भाग हायड्रोजन, एक भाग नायट्रोजन. द्रवरूप वाहक, धातूचा उत्प्रेरक, जागेवर हायड्रोजन. फक्त नाव भारदस्त नाही, म्हणून पेपरात येत नाही.

दुसरं उदाहरण आकाशात आहे. भारतीय दूरसंवेदन उपग्रहांच्या लहान थ्रस्टरमध्ये (दिशा सावरणाऱ्या छोट्या इंजिनांत) हायड्रेझिन वापरतात. तो द्रव इरिडियम लावलेल्या अॅल्युमिनाच्या दाण्यांवर पडताच फुटतो आणि नायट्रोजन, अमोनिया, हायड्रोजनचा गरम झोत निघतो. हायड्रेझिन भयंकर विषारी, त्यामुळे जमिनीवर त्याचं नाव काढायचं नाही.

उत्प्रेरक किती दिवस टिकतो?

काळजी घेतली तर हजारो तास. नाही घेतली तर एक दुपार.

स्वतःचाच किस्सा सांगतो. एका प्रयोगशाळेत आमचा पॅलेडियमचा उत्प्रेरक तीन दिवस उत्तम चालला आणि चौथ्या दिवशी एकाएकी थंडावला. अॅसिड बदललं, तापमान वाढवलं, शिव्याही घातल्या. शेवटी लक्षात आलं की कुणीतरी सिलिकॉनची नळी फुटली म्हणून साधी रबरी नळी जोडली होती. रबरात गंधक असतं, आणि गंधक पॅलेडियमवर बसलं की उठत नाही. वीस रुपयांच्या नळीने काही हजारांचा उत्प्रेरक खाल्ला.

गंमत अशी की तेच गंधक कधी औषधही होतं. मिथाइलसायक्लोहेक्झेनसाठी प्लॅटिनमवर मुद्दाम थोडं गंधक चढवतात. जास्त मस्तीखोर जागा त्याने झाकल्या जातात, रेणू मोडत नाहीत आणि कार्बनचा थर कमी धरतो. प्रमाण महत्त्वाचं, तांबड्या रश्शातल्या तिखटासारखं.

उत्प्रेरक मेला तरी धातू मरत नाही. प्लॅटिनम-पॅलेडियम परत गाळून काढतात. गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरला भंगारवाले इतका भाव का देतात, ते यावरून समजेल.

निघालेला हायड्रोजन तसाच फ्युएल सेलला चालतो का?

बहुधा नाही. गाडीतल्या फ्युएल सेलसाठी मर्यादा फार कडक आहेत: कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ०.२ भाग, अमोनिया ०.१ भाग. म्हणून शेवटी गाळणी लागते. त्यातली सर्वांत देखणी म्हणजे पॅलेडियमचा पातळ पडदा. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन शोषून घेतं आणि पलीकडच्या बाजूने सोडतं, बाकी वायू अलीकडेच राहतात. एकटं पॅलेडियम हायड्रोजन पिऊन फुगतं आणि तडकतं, म्हणून त्यात २३ टक्के चांदी मिसळतात. चांदीकामाच्या हुपरीचे एक कारागीर हे ऐकून म्हणाले, "म्हणजे निम्मं काम आमचंच." पाव काम, मी म्हटलं.

फुटणार तर नाही ना?

मावशी, द्रव टाकीत असेपर्यंत हायड्रोजन वायू म्हणून तिथे नसतोच, त्यामुळे तसा स्फोट होत नाही. हाच या पद्धतीचा मोठा फायदा. पण प्रत्येक द्रवाची स्वतःची खोड आहे. टोल्युइन आणि त्याचा जोडीदार पेट्रोलसारखेच सहज पेट घेणारे. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात. अमोनिया श्वास कोंडतो. फॉर्मिक अॅसिड कातडी भाजतं, आणि अगदी तीव्र असेल तर घट्ट बंद बाटलीत आपोआप वायू साठून दाब वाढतो.

हायड्रोजन मोकळा झाल्यावर मात्र जपायला हवं. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही असला तरी तो पेटू शकतो, ठिणगी अगदी बारीक पुरते, आणि ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. चांगली गोष्ट म्हणजे तो झटकन वर जातो. म्हणून शेडचं छप्पर वरून उघडं हवं, पत्र्याखाली कोपरा नको. फाउंड्रीवाल्यांना तो वेगळ्या कारणाने नको असतो, अॅल्युमिनियमच्या ओतकामात पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रं, पाडतो म्हणून.

याला हरित हायड्रोजन म्हणायचं का?

कॅन हरित नसतो, दूध असतं किंवा नसतं. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी मिळाली, तरतूद १९,७४४ कोटींची, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्याख्या ठरली: एक किलो हायड्रोजनमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड निघता कामा नये. आज बाजारात मिळणारं फॉर्मिक अॅसिड मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनॉलपासून बनतं, आणि ते दोन्ही कोळशातून किंवा नैसर्गिक वायूतून येतात. त्यातून काढलेल्या हायड्रोजनला हरित म्हणणं म्हणजे निव्वळ रंगकाम.

माझ्या मोटारीत हे कधी बसेल?

मला नाही वाटत बसेल. ३०० अंशांची भट्टी बॉनेटखाली, सुरू व्हायला वेळ, आणि रिकामा द्रव उतरवून घ्यायला दुसरी टाकी. जहाज, रेल्वे, मोबाइल टॉवरचा बॅकअप, किंवा पंपावर टँकरने द्रव आणून तिथेच हायड्रोजन काढणं, हे जास्त पटतं. पुण्यात २०२२ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांच्या कामातून फ्युएल सेलवरची बस रस्त्यावर आली, पण तिच्यात हायड्रोजन दाबाखालच्या टाक्यांतच होता.

मी फाउंड्री चालवतो. आत्ता पैसे घालावेत का?

नाही. वीजबिल आणि वाळू यांचा हिशेब आधी बघा. कुणी विकायला आलंच तर तीन गोष्टी विचारा: उष्णता कुठून येणार, रिकामा द्रव कोण परत नेणार आणि कुठे भरणार, उत्प्रेरक बदलायचा खर्च कुणाचा. तिन्हींची उत्तरं आकड्यांत मिळाली तर मलाही कळवा.

मुलाला नववीच्या विज्ञान प्रदर्शनात हे दाखवायचंय. घरी करता येईल का?

हायड्रोजन नको, अॅसिड नको. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, दोन पेल्यांत सारखं ओता, एकात कच्च्या बटाट्याचा तुकडा टाका. बटाट्यातलं विकर उत्प्रेरकाचं काम करतं आणि फेस वर येतो. तो ऑक्सिजन असतो. नाव हायड्रोजन पेरॉक्साइड असलं तरी हायड्रोजन निघत नाही, आणि परीक्षक हमखास तिथेच गोत्यात आणतात. दुसरा पेला शांत राहतो. मग तोच तुकडा धुऊन नव्या पेल्यात टाकायचा, परत फेस येतो. उकडलेल्या बटाट्याला येत नाही. तो का येत नाही, हे मुलानेच शोधून तक्त्यावर लिहावं. बटाटा ताजा घ्या, गेल्या वर्षी एकाने फ्रिजमधली भाजी आणली होती.